मावशीच्या डिव्हिडंडचा निर्णय परस्पर घेणारे आपण कोण?

आज सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहिते.

अमळनेरहून मावशीचा फोन आला. कानबाईचा सण तोंडावर आलाय, रोटांचं दळण करायचंय, भाऊबंद जेवायला येणार, आणि दर तिमाहीला बँकेत पडणारे म्युच्युअल फंडाचे पैसे या वेळी आलेच नाहीत. पासबुक भरून आणलं, नोंद नाही. चौकशी केली तर पुतण्याने मोबाईलवरून पर्याय बदलून टाकलाय. आता ते पैसे, म्हणजे फंडाचा डिव्हिडंड, आपोआप परत त्याच फंडात जाणार. "काकू, तुम्हाला कशाला लागतात पैसे? कंपाउंडिंग होऊ द्या." ओटीपी तिनेच सांगितला होता, घरच्या पोराने मागितला म्हणून.

कशाला लागतात! काका गेल्यावर त्यांची ग्रॅच्युइटी तिने फंडात घातली ती दर तिमाहीला काहीतरी हातात यावं म्हणूनच. गोळ्या, गॅस, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीच्या हातावर ठेवायला नोट. फोनवर म्हणाली, "मनाच पैसासाठे मी कोनाजोडे हात पसारू?" यावर मी काय बोलणार?

वर पुतण्याने दाखला दिला तो आमच्याच गावाचा. विप्रो. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तुपाच्या धंद्यातून उभी राहिलेली कंपनी, गावात ज्यांनी शेअर धरून ठेवले ते कोट्यधीश झाले, वगैरे. अरे बाबा, त्यांच्या शेअरची संख्या वाढली ती बोनसने, म्हणजे कंपनीने फुकट दिलेल्या जादा शेअरने. २०१७ ला एकाला एक, २०१९ ला तीन शेअरमागे एक, २०२४ ला परत एकाला एक. डिव्हिडंड बँकेत घेऊन खर्चला म्हणून कुणाचा एकही शेअर कमी झाला नाही. रावेर-यावलकडे केळीचा घड कापून विकतात आणि बुंध्याशी फुटलेलं पील राखतात. घड विकला म्हणून बाग गेली असं कुणी म्हणतं का?

हो, फंडाचं गणित वेगळं आहे, मान्य. डिव्हिडंड दिला की एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, तेवढीच खाली येते, म्हणजे आपलेच पैसे आपल्याला. सेबीने एप्रिल २०२१ पासून त्याचं नाव बदलून आयडीसीडब्ल्यू, म्हणजे उत्पन्नाचं वाटप आणि भांडवलाची उचल, असं करायला लावलं ते यासाठीच. आणि पंचविशीतल्या कमावत्या पोराने पैसे वाढू द्यावेत, तिथे माझा वाद नाही.

पण कंपाउंडिंगचा एवढा पुळका असणाऱ्याला हे ठाऊक नको, की डिव्हिडंड परत गुंतवला तरी तो उत्पन्नातच धरला जातो? एप्रिल २०२० पासून तसंच आहे. एका फंड कंपनीकडून वर्षाला १०,००० रुपयांच्या वर गेला की १० टक्के टीडीएसही कापतात. म्हणजे मावशीच्या हातात रुपया नाही आणि कागदावर उत्पन्न मात्र आहे. वाढच हवी होती तर ग्रोथ पर्याय होता ना, तिथे डिव्हिडंड निघतच नाही, आणि युनिटं विकेपर्यंत कर नाही. या पोराने निवडलं ते दोन्हींतलं वाईट. आणि तेही न विचारता!

पोरगा वाईट नाही, हेही लिहिते. काका गेले तेव्हा बँका, पेन्शन, वारसनोंद, सगळी धावपळ त्यानेच केली. दुपारी त्याला फोन लावला तेव्हा आवाज चढवायचा ठरवूनच लावला होता. तो म्हणाला, "ताई, मला खरंच वाटलं काकूचं भलं होईल." मग नाही चढवला.

पण भलं कशात आहे हे ठरवायचा हक्क तिचा. बाई म्हातारी झाली, नवरा गेला, की तिच्या पैशाचं घरातल्या सगळ्यांना कळतं, तिला सोडून. किती घरांत बघितलंय मी हे! तिच्या नावावर लाखो असतात आणि भाजीवाल्याला द्यायला तिने सुनेकडे बघायचं.

संध्याकाळी त्याने पर्याय परत पूर्वीसारखा केला, या वेळी मावशीला शेजारी बसवून. परत गुंतलेली युनिटं विकायला टाकलीत, दळणापुरते पैसे दोन-चार दिवसांत येतील. ज्यांच्या मोबाईलमध्ये आईचं, काकूचं, आजीचं खातं आहे त्यांनी आज रात्रीच उघडून बघा, तिथे कोणता पर्याय आहे आणि तो तिला विचारून टाकला होता का.