ताई, अहवाल पोचला. आता थोडं जमिनीखालचंही लिहा

परवा संध्याकाळी आमच्या प्रभागाच्या नगरसेविका सोसायटीच्या हॉलमध्ये आल्या होत्या. जानेवारीत निवडून आल्यापासून केलेल्या कामांचा अहवाल त्यांनी आदल्या दिवशीच सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवला होता. चोवीस पानांची पीडीएफ. निघताना मला म्हणाल्या, "काका, तुम्ही तर याच खात्यात होतात. कसा वाटला अहवाल?" मी म्हटलं, "ताई, सावकाश सांगतो." दारात उभ्याउभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून आज लिहायला बसलोय. लिहितोय ताईंना उद्देशून, पण प्रभागातल्या प्रत्येकाने वाचावं असं मनापासून वाटतं.

आधी हे सांगतो की अहवाल आला, याचाच मला खूप आनंद झाला. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक मोठ्या महापालिकांची मुदत संपली. नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर, संभाजीनगरची तर २०२० मध्येच संपली होती. मग आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा यांत निवडणुका अडकत गेल्या. शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्यायला सांगितलं आणि १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांचं मतदान झालं. मधली सगळी वर्षं नगरसेवक नव्हते, सरकारने नेमलेले प्रशासक होते. त्यांतल्या काहींनी चांगलं काम केलं, ते नाकारत नाही. पण गल्लीत ड्रेनेज तुंबलं तर कोणाच्या दारात जायचं, हे बायाबापड्यांना कळत नव्हतं. मी निवृत्त माणूस, तरी लोक माझी बेल वाजवायचे, कारण "हे साहेब पालिकेत होते". माझ्या हातात काही नसायचं. फोन करायचो, तक्रार क्रमांक घ्यायचो आणि त्यांना लिहून द्यायचो. आज कोणीतरी स्वतःहून येऊन "मी हे केलं" असं सांगतंय. त्यात राहिलेलं दाखवून द्यायचा हक्कही आपल्याला परत मिळालाय.

मी ३१ वर्षं एका महापालिकेत होतो. आधी कनिष्ठ अभियंता, मग उपअभियंता. रस्ते आणि मलनिःसारण. म्हणून अहवाल उघडला की माझं लक्ष फोटोंकडे जात नाही, कामाचं नाव कसं लिहिलंय तिकडे जातं.

ताई, तुमचं या सहा महिन्यांतलं सगळ्यात मोठं काम एकोणिसाव्या पानावर आहे. शाळेमागच्या वस्तीतली दीडशे मिलिमीटरची जुनी ड्रेनेज लाइन काढून तिथे तीनशेची टाकली. दोन ओळी, फोटो नाही. आणि पहिल्या पानावर बागेची कमान आहे, रोषणाईसकट. मला कारण कळतं. पाइप टाकून खड्डा बुजवला की तिथे दाखवायला काहीच उरत नाही. पण त्या वस्तीत मी नोकरीत असताना कितीतरी वेळा गेलोय. बैठी घरं, मोरी घरातच. पावसाळ्यात सार्वजनिक लाइन भरली की मैला उलटा मोरीतून वर यायचा. बायका मोरीच्या तोंडावर बोळे कोंबून, वर पाटा ठेवून रात्र काढायच्या. पाइपाचा व्यास दुप्पट केला की पाणी वाहायची जागा चौपट होते. यंदा पहिल्या दोन मोठ्या पावसांत तिथे पाणी उलटलं नाही, हे मी स्वतः जाऊन विचारून आलो. हे काम पहिल्या पानावर हवं होतं. फोटो नसेल तर त्या घरातल्या एखाद्या बाईचे चार शब्द छापा.

हा मुद्दा नुसत्या मांडणीचा नाही. अहवाल जसा लिहिला जातो तशी पुढच्या वर्षीची कामं ठरतात. मी हे ३१ वर्षं टेबलाच्या पलीकडून पाहिलं. जे काम अहवालात शोभतं त्याचं एस्टिमेट आधी मागवलं जातं. बाकं, कमानी, नामफलक, पेव्हर ब्लॉक. पावसाळी लाइनची फाइल मात्र खाली खाली जाते. अंदाजपत्रकात तिच्यासाठी तरतूद असते, पण वर्ष संपत आलं की "काम सुरू होणार नाही" म्हणून त्या पैशांचं वर्गीकरण होतं, म्हणजे ते दुसऱ्या लेखाशीर्षावर, दुसऱ्या कामाच्या खात्यावर जातात. हे नियमात बसवूनच होतं. फक्त गटाराचे पैसे बाकांवर गेले, हे ज्याच्या घरात पाणी शिरतं त्याला कोणी सांगत नाही. म्हणून ताई, पुढच्या अहवालात एक पान वर्गीकरणाला द्या. आपल्या प्रभागातले कुठले पैसे कुठून कुठे गेले, एवढंच लिहा.

आता सहाव्या पानावरच्या कामाबद्दल. "मारुती मंदिर ते पिठाची गिरणी, अंतर्गत रस्ता डांबरीकरण." फोटोत काळाकुळकुळीत रस्ता आहे. या रस्त्याबद्दल मला जरा लांबण लावावी लागेल.

त्या रस्त्याच्या डाव्या हाताला आठ-दहा जुनी घरं आहेत. त्यातल्या एका घरात एक आजी एकट्या राहतात. त्यांच्या लग्नाच्या वेळी घरात शिरायला दोन पायऱ्या चढाव्या लागायच्या. मी कामावर त्या भागात आलो तेव्हा एक पायरी उरली होती. आज रस्त्यावरून घरात शिरताना खाली उतरावं लागतं. घर खचलेलं नाही, रस्ता वर आलाय. दर वेळी जुना थर न खरवडता त्यावर नवा थर टाकला जातो. एकेक थर दोन-तीन बोटांचा. सात-आठ वेळा असं झालं की वीतभर उंची सहज वाढते. मग पाऊस पडला की रस्त्याचं पाणी गटाराकडे न जाता उंबऱ्याकडे जातं. आजींनी उंबरठ्यावर विटांचा बांध घातलाय आणि रोज तो ओलांडून जातात. परवा मला म्हणाल्या, "साहेब, दर विलेक्शनला माझं घर एक बोट खाली जातंय."

ताई, या सहा महिन्यांत त्या रस्त्यावर आणखी एक थर चढला. तुम्ही तो मुद्दाम आजींना त्रास व्हावा म्हणून टाकलेला नाही. लोकांनीच मागितला होता, खड्डे होते. पण मिलिंग मशीन लावून जुना थर आधी काढायला हवा होता. त्याचा खर्च एस्टिमेटमध्ये धरावा लागतो आणि तो धरला की तेवढ्याच पैशांत रस्त्याची लांबी कमी होते. अहवालात लांबी दिसते, पातळी दिसत नाही. माझ्या नोकरीत मीही असे रस्ते करून दिलेत. एका रस्त्याला तर काँक्रीट ओतून अकरा दिवस झाले असताना उद्घाटनाची तारीख ठरली म्हणून वाहतूक सोडली. काँक्रीटला ठरलेली ताकद येते ती २८ दिवसांनी धरतात, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असतं. मी वरिष्ठांना तोंडी सांगितलं, लेखी दिलं नाही. वर्षभरात त्या रस्त्याला तडे गेले. लेखी द्यायला हवं होतं, ही बोच अजून आहे. तुमच्यासोबत आज जे तरुण अभियंते आहेत त्यांच्यापैकी कोणी "ताई, अजून आठ दिवस थांबा" असं म्हणाला, तर कृपा करून त्याचं ऐका. आणि उद्घाटन पुढे का ढकललं, तेही लोकांना सांगा. लोक समजून घेतात.

आणखी एक. अहवालात नऊ ठिकाणी "माझ्या निधीतून" असं लिहिलंय. ताई, हा शब्द सोडून द्या, फार कळकळीने सांगतो. सगळेच तसं लिहितात, म्हणून तुमच्याही हातून लिहिलं गेलं असेल. पण हा पैसा कोणाचा आहे ते बघा. मिळकतकर, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचं शुल्क. त्याशिवाय जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर गेला आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, तेव्हापासून राज्याकडून महापालिकांना भरपाईचं अनुदान येतं, तो तर मोठाच भाग असतो. म्हणजे साबण, बिस्किटाचा पुडा, मोबाइलचं रिचार्ज, जे काही विकत घेतलं जातं त्यातून हा पैसा जमा होतो. आमच्या समोरच्या चाळीतले भाडेकरू मला म्हणतात, "आम्ही कुठं घरपट्टी भरतो, आम्ही कसं बोलणार?" त्यांना त्यांच्या नगरसेविकेने सांगायला हवं की तुम्हीही भरता, तुम्हीही बोला. "माझ्या निधीतून" वाचलं की ते आणखी गप्प होतात. कोणी उपकार केले असतील तर त्याला जाब कसा विचारायचा?

त्याऐवजी प्रत्येक कामापुढे रक्कम लिहा, ठेकेदाराचं नाव लिहा आणि दोष दायित्वाची मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे ते लिहा. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. काम पूर्ण झाल्यावर टेंडरमध्ये ठरलेल्या मुदतीपर्यंत त्यात काही बिघडलं तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचं असतं. त्यासाठी त्याची अनामत रक्कम पालिकेकडे अडकवून ठेवलेली असते. पण ही तारीख फाइलमध्येच राहते. खड्डा पडला की लोक ओरडतात, घाईघाईत दुसऱ्याच कामातून तो बुजवला जातो, आणि पहिल्या ठेकेदाराची अनामत मुदत संपल्यावर परत जाते. हे माझ्या डोळ्यांसमोर झालंय. तारीख रस्त्याच्या कडेला बोर्डावर असेल, अहवालात असेल, तर आमच्या सोसायटीतली नववीतली पोरंसुद्धा "अजून हमीत आहे" म्हणून सांगतील. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कोणाचा जीव गेला तर वारसांना ६ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलंय, आणि ती रक्कम जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करायलाही. जबाबदार कोण हे आधीच कागदावर असलेलं बरं.

आपला प्रभाग चार जणांचा आहे. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक, इतर बहुतेक महापालिकांत चार. यामुळे एक अडचण होते, ती ताईंच्या एकट्यांच्या हातातली नाही. ओढ्यावरच्या कल्व्हर्टचं, म्हणजे छोट्या मोरीपुलाचं काम ताईंच्या अहवालात आहे आणि दुसऱ्या एका नगरसेवकांच्या पोस्टमध्येही आहे. दोघांचंही खरं असू शकतं, दोघांनी पाठपुरावा केला असेल. पण ओढ्याचा पुढचा शंभर मीटरचा भाग, जिथे राडारोडा टाकून पात्र निम्मं झालंय, तो चौघांपैकी कोणाच्याच अहवालात नाही. झालेल्या कामाला चार मालक आणि राहिलेल्या कामाला एकही नाही, असं होऊ देऊ नका. चौघांनी मिळून एकच अहवाल काढावा. पक्ष वेगळे असले तरी ओढा एकच आहे.

आणि तो अहवाल वाचायचा कुठे? त्यासाठी जागा कायद्यात आहे. २००९ सालीच महाराष्ट्राने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. गावाला जशी ग्रामसभा, तशी शहरातल्या मतदारांची सभा, अध्यक्षस्थानी नगरसेवक. मी नोकरीत असेपर्यंत एकही क्षेत्रसभा पाहिली नाही. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी छोटी कामं सुचवता येतात, अर्ज भरून देता येतात. तेही चांगलंच आहे, पण अर्जाला समोरासमोर उत्तर मिळत नाही. क्षेत्रसभेत मिळेल. आजी उभ्या राहून म्हणतील, "माझ्या उंबऱ्याचं काय?" आणि अभियंत्याला सगळ्यांसमोर सांगावं लागेल. ताई, तुम्ही परवा सोसायटीच्या हॉलमध्ये आलात. पुढच्या वेळी शाळेच्या पटांगणावर या. तिथे वस्तीतले लोक येतात. सोसायटीच्या गेटावर वॉचमन असतो, त्यामुळे ते आत येत नाहीत.

शेवटची मागणी. चोवीस पानांत "अपूर्ण" हा शब्द एकदाही नाही. सहा महिन्यांत सगळं पूर्ण होणं कोणालाच शक्य नाही, आणि आम्ही तशी अपेक्षाही केली नव्हती. दवाखान्यात संध्याकाळी डॉक्टर नसतात. टाकीच्या वरच्या बाजूच्या घरांत पाणी पहाटे साडेतीनला येतं, बायका गजर लावून उठतात. शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग नाही. हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही प्रचारात स्वतः लिहून घेतलं होतं, तुमच्या हातात निळी वही होती. त्या वहीतलं काय झालं, काय अडलं, कोणत्या टेबलावर अडलं, ते पान आम्हाला हवंय. अडलं म्हणून लिहिलंत तर आम्ही तुमच्यासोबत त्या टेबलापर्यंत येऊ. मी येईन, एवढं तर आजच लिहून देतो.

कालच ताईंना फोन केला होता. मारुती मंदिराजवळचा रस्ता पुन्हा बघायला त्या तयार आहेत, अभियंत्यांनाही घेऊन येतील. रविवारी सकाळी सात वाजता आजींच्या दारात जमायचंय. उंबरा आणि रस्ता यांच्यातला फरक मोजायचा आहे, मग पुढे ओढ्यापर्यंत चालत जायचं. मोजपट्टी आणि पाण्याची लेव्हल नळी मी आणतो. नळी धरायला दोन माणसं लागतात, ज्यांना जमेल त्यांनी खाली नाव लिहा.