लेकीला ट्रॅव्हल सॉफ्टबॉलमध्ये घालताय? वा!

ऑगस्ट म्हणजे अमेरिकेतल्या मराठी घरात दोन गोष्टींचा हंगाम: मंडळाच्या गणपतीची वर्गणी आणि ट्रॅव्हल सॉफ्टबॉलच्या, म्हणजे फी घेऊन गावोगावच्या टूर्नामेंट खेळणाऱ्या क्लब टीमच्या, ट्रायआउट (निवड चाचण्या). पहिलीची निदान पावती मिळते. दुसरीत काय मिळतं ते नुकतंच नीट कळल्यामुळे, पुढच्या बळींसाठी हा मोफत सल्ला.

टीम निवडताना फक्त जर्सी बघा. ‘एलिट’, ‘प्रीमियर’, ‘नॅशनल’, ‘गोल्ड’ यांतले निदान दोन शब्द छातीवर हवेतच. शर्ट छापणारा ते कोणालाही छापून देतो, पण हे आपण कशाला मनात आणायचं? त्याच क्लबची त्याच वयोगटात दुसरी आणि तिसरी टीमही असते, आणि आपली लेक नेमकी कुठल्या टीममध्ये, हेही विचारू नका. वाईट दिसतं.

बॅट थेट ४०० डॉलरची कॉम्पोझिट, म्हणजे कार्बन फायबरच्या थरांची, घ्या, आणि शाळेच्या गणवेशासारखी वाढत्या अंगाची. ११ वर्षांच्या पोरीला ३३ इंच, २३ औंस. ती फिरेपर्यंत चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये विसावलेला असतो, पण बॅगेतून डोकावताना बॅट काय रुबाबदार दिसते! मग मार्चमध्ये पारा ४५ फॅरनहाइटवर असताना ती बाहेर काढा, आणि केजमध्ये, म्हणजे सरावाच्या जाळीत, चेंडू फेकणाऱ्या मशीनच्या खळ्या-खळ्यांच्या टणक चेंडूंवर चालवा. थंडीत चेंडू दगड होतो, कॉम्पोझिटचे थर तडकतात, आणि दुकानदाराला पुन्हा एक गिऱ्हाईक मिळतं.

फलंदाजी बाबांनीच शिकवावी. गल्ली क्रिकेटचा अनुभव वाया का घालवायचा?

पिचरच्या खांद्याची काळजी नको. ‘हात खालून फिरतो, त्याला काही होत नाही’ असं कोच म्हणाला की मान डोलवा. विंडमिलचा, म्हणजे हात गोल फिरवून खालून चेंडू टाकण्याचा, ताण दंडाच्या वरच्या टोकाला आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला येतो, हे दुखायला लागल्यावर फिजिओ सांगेलच. तोवर एकाच मुलीकडून दोन दिवसांत चार सामने टाकून घ्या.

हॉटेल टूर्नामेंटवाले सांगतील तेच आणि त्यांच्याच पोर्टलवरून. शिवाय गेटवर तिकीट काढा, स्वतःच्या मुलीला बघायला.

आता पाहुण्यांचा मान. डिपॉझिट भरताना रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, १२ मुली असतात. हंगाम सुरू होताना १४ झालेल्या असतात. शनिवारी पूल प्ले, म्हणजे रविवारच्या ब्रॅकेटमधली (बाद फेरीतली) जागा ठरवण्यापुरता खेळ. त्या दिवशी कोच उदार असतो, सगळ्यांना बॅटिंग देतो. पण सामना ७५ मिनिटांचा, त्यात चार इनिंग झाल्या तर झाल्या. १४ जणींची रांग एकदा पुरी फिरून दुसऱ्यांदा अर्ध्यावर येते तोच वेळ संपतो. तरी ठीक. रविवारी सकाळी आठला ब्रॅकेट सुरू होतं आणि कुठून तरी दोन नव्या मुली उगवतात. एक पिचर, एक शॉर्टस्टॉप. गेस्ट प्लेअर, दुसऱ्या टीमकडून उसन्या आणलेल्या! त्यांनी फी भरलेली नसते, जानेवारीत गोदामातल्या थंडगार केजमध्ये सराव केलेला नसतो, त्यांच्या आईने कॅनोपी वाहिलेली नसते. त्या खेळतात. तुमची मुलगी डगआउटमध्ये पाण्याच्या बाटल्या सांभाळते आणि कोच म्हणतो, ‘शी इज अ ग्रेट टीममेट.’ साडेतीन हजार डॉलर भरून बाटल्या सांभाळायच्या? नियमात बसतं म्हणे! बसत असेल. मग पैसे घेताना तोंड का उघडलं नाही?

आणि हे सगळं सोसायचं कशासाठी, तर स्कॉलरशिप. डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सगळ्यांत वरच्या गटातल्या, कॉलेजला २०२४-२५ पर्यंत अख्ख्या टीमसाठी १२ स्कॉलरशिप असायच्या, त्याही तुकडे करून वीसेक मुलींत वाटलेल्या. आता खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या व्यवस्थेत आलेल्या कॉलेजांना २५ खेळाडूंची मर्यादा आहे, पण सगळ्यांना पूर्ण पैसे द्यायची सक्ती नाही. डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगमध्ये खेळासाठी दमडी मिळत नाही. डिव्हिजन वनचा कोच अकरावीच्या १ सप्टेंबरआधी तुमच्या मुलीशी भरतीबद्दल बोलूही शकत नाही. आणि तुम्ही १० वर्षांखालच्या टीमच्या पत्रकात ‘कॉलेज एक्स्पोजर’ वाचून कार्ड काढता!

अहो, शिकलेली माणसं ना तुम्ही? घराचं कर्ज घेताना चाळीस प्रश्न विचारता. इथे ‘चोवीस तासांत कळवा’ म्हटलं की घाबरून पैसे भरता. ऑफर आली की ईमेलवर विचारा: रोस्टर जास्तीत जास्त कितीचं? पिचर किती, आणि त्यांतली कोचची मुलगी कोणती? रविवारी गेस्ट घेणार का? मध्येच सोडलं तर किती पैसे परत? लेखी उत्तर आलं नाही तर गावच्या रेक लीगमध्ये, म्हणजे हौशी स्थानिक स्पर्धेत, नाव घाला, तिथे पोर निदान खेळेल तरी.

आणि बॅकस्टॉपमागून दर चेंडूला ‘कोपर वर!’ ओरडणं आधी बंद करा. मराठीत ओरडलं तर कोणाला कळत नाही, असं समजता काय? तिला कळतं. आणि तिने सांगितल्यामुळे आता अख्ख्या डगआउटला कळतं.