आमच्या घरचा केबलवाला

केबल असो की डिश, त्यात एक मोठी सोय होती: शिव्या घालायला बाहेरचा माणूस होता. चित्र गेलं, केबलवाला. आवाज गेला, केबलवाला. आवडती मालिका बंद पडली, तरी केबलवालाच. आम्ही स्ट्रीमिंगवर आलो आणि ही जागा रिकामी झाली. वायफायचा पासवर्ड घरात एकट्या मलाच पाठ असल्यामुळे ती बिनविरोध माझ्याकडे आली.

डिश काढण्यामागे कारणं होती. शेकडो वाहिन्यांचे पैसे भरायचे आणि बघायच्या त्याच चार-पाच. शिवाय पाऊस. तो उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंच. तेवढ्या लांबून लहरी बिनबोभाट येतात आणि अगदी घराजवळ, ढगाखाली, मान टाकतात. पावसाचे थेंब त्या शोषून घेतात, विखुरतात. इंटरनेटला पावसाचं सोयरसुतक नसतं, असं मी घरच्या बैठकीत ठणकावून सांगितलं. (‘आणि वीज गेली की?’ असं आईने तिथल्या तिथे विचारलं होतं. इतिवृत्तात त्याची नोंद नाही.)

पहिलं काम पासवर्ड टाकण्याचं. टीव्हीच्या पडद्यावर अक्षरांचे चौकोन उमटतात आणि रिमोटच्या बाणाने एकेक घर ओलांडत हव्या त्या अक्षरापर्यंत चालत जायचं. ‘पी’वर थांबायचं तर बोट एकदा जास्त पडतं आणि ‘क्यू’ उमटतो. उमटतो म्हणजे तेही क्षणभरच, लगेच त्याचा ठिपका होतो. ठिपक्याकडे बघून तो ‘पी’चा की ‘क्यू’चा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मागे सोफ्यावर प्रेक्षक असतातच. ‘खाली, खाली! अहो, पुढे गेलात!’ फोनवरून कोड टाकून हे सगळं टाळता येतं, हा शोध आम्हाला पासवर्ड स्वीकारला गेल्यावर लागला.

मग तक्रारी सुरू झाल्या. ‘गोल फिरतंय’ ही सर्वांत जुनी आणि मानाची. मी तिचा अभ्यास केला. चित्रफितीचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात, प्रत्येक तुकडा भारी ते हलक्या अशा अनेक प्रतींत तयार असतो. नेट मंदावलं की टीव्ही मुकाट्याने हलका तुकडा उचलतो. म्हणून ऐन रडताना नायिकेचं नाक विरघळतं. हे मी समजावून सांगितलं. ‘बरं,’ बायको म्हणाली, ‘मग नाक कधी येईल?’

सामन्याचं दुखणं निराळं. हे तुकडे आधी थोडे साठवून मग दाखवतात, त्यामुळे ‘लाइव्ह’ बरेचदा वीस-तीस सेकंद शिळं असतं. डिशवाले शेजारी आनंदाने किंचाळतात तेव्हा आमचा खेळाडू अजून बुटाची नाडी बांधत असतो. त्याचाही जाब मलाच.

पुढे मोठ्या सेवांनी घराबाहेर पासवर्ड वाटण्यावर बंधनं आणली, तेव्हा मेहुण्याचा थेट फोन. ‘दाजी, तुम्ही बंद केलंत?’ जाहिरातींचंही तेच. नेटफ्लिक्स १९९७ मध्ये निघालं ते टपालाने डीव्हीडी पाठवायला, २००७ मध्ये स्ट्रीमिंगवर आलं आणि २०२२ च्या नोव्हेंबरात जाहिरातींसकट स्वस्त योजना घेऊन आलं. जाहिरातींना कंटाळून ज्यांनी केबल सोडली, त्यांच्यासाठी हे खास.

पण सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे आई.

‘काय लागलंय रे?’

‘आई, यात काही लागलेलं नसतं. आपण लावायचं.’

‘मग लाव.’

‘काय लावू?’

‘जे लागलंय ते.’

मी यादी सरकवत राहिलो. पोस्टरं, पोस्टरं आणि पोस्टरं. प्रत्येकावर थांबलं की त्याची झलक आपोआप सुरू, त्यामुळे आईला दर वेळी वाटायचं हेच लागलंय, आणि मी ते बंद करतोय. शेवटी मेन्यूच्या तळाशी मला एक कोपरा सापडला. तिथे वाहिन्या होत्या! फुकट, जाहिरातींसह, चोवीस तास आपल्या आपण चालणाऱ्या, वेळापत्रकासकट. एक लावली. सिनेमा अर्ध्यावर आलेला, कोण कोणाचा भाऊ पत्ता नाही, आणि बघताबघता साबणाची जाहिरात.

आई सरसावून बसली. ‘आता कसं! हे किती नंबरला लागतं, तेवढं लिहून ठेव.’