अडले ते मुलींचे

यंदाच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या गावच्या आशाताईंनी एक साधा विषय मांडला. किशोरवयीन मुलामुलींसाठी गावात पूर्वी चार पिअर एज्युकेटर, म्हणजे बरोबरीच्यांना आरोग्याची माहिती देणारे, होते, दोन मुली आणि दोन मुलगे. ते आता वयाने मोठे झाले, तेव्हा नवे चार निवडावेत आणि रविवारी दुपारी बसायला समाजमंदिराची खोली द्यावी, एवढेच त्यांचे मागणे होते. त्यावर गावातल्या एका वजनदार गृहस्थांनी उत्तर दिले, "कोरोनात दोन वर्षं सारं बंदच होतं ना जी, कोणाचं काय अडलं? आता तर पोट्ट्यापोट्ट्यांच्या हातात मोबाईल आहे." विषय तिथेच संपला. भावाने मला हे फोनवर सांगितले, आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या उत्तराला पडलेले अंगठे मी गोथेनबर्गमध्ये ट्रामच्या थांब्यावर उभी राहून मोजत बसले.

गाव आरमोरी तालुक्यातले, गडचिरोली जिल्ह्यातले. ज्यांनी ते अंगठे टाकले त्यांतले अर्धे माझ्या नात्यातले आहेत, म्हणूनच हे लिहिणे भाग आहे.

कोणाचे काय अडले हे कळण्यासाठी आधी काय चालू होते ते माहीत हवे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी त्यात सहा विषय आहेत: पोषण, लैंगिक व प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, व्यसन, इजा व हिंसाचार आणि पुढे जडणारे मधुमेहासारखे आजार. हजार वस्तीमागे चार समवयस्क निवडायचे, प्रत्येकाने पंधरा-वीस जणांचा गट धरायचा, आठवड्याला बैठक घ्यायची, आणि अडचण आली की आशाताई, आरोग्यसेविका किंवा ग्रामीण रुग्णालयातले किशोरवयीनांसाठीचे मैत्री क्लिनिक. या मुलांना मानधन नाही. महिन्याला पन्नास रुपयांच्या मोलाची वस्तू, तीही मिळाली तर. माझी भाची २०१९ मध्ये त्या चौघांत निवडली गेली. तिच्या गटात सतरा मुली होत्या आणि त्यांतल्या सहा जणींची शाळा सुटलेली होती.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मोहाची फुले पडायला लागली होती. शाळा बंद, अंगणवाडी बंद, उपकेंद्रातल्या बैठका बंद. पण मोह वेचायला पहाटे जंगलात जावेच लागते आणि तिथे मुलीच जातात. भाचीने गट तिथे धरला. टोपली घेऊन झाडाखाली वाकलेल्या मुली अंतर राखून बोलत होत्या. भाचीकडे एक शंभर पानी वही होती, तिच्यात ती मुलींचे प्रश्न लिहून घेई आणि संध्याकाळी आशाताईंच्या अंगणात उभी राहून उत्तरे विचारी. ती वही मी नंतर सुट्टीत गेले तेव्हा पाहिली. "लोहाची गोळी घेतल्यावर काळी शी होते, घाबरायचं का?" "पाळीत रोवणीला चिखलात उतरलं तर चालते का?" "सिकलसेलची पट्टी आली तर लग्न होते का?" एका पानावर फक्त एवढेच आहे: "बाबा घरीच असतात आता. दिवसभर." त्या प्रश्नासमोर भाचीने उत्तराची जागा रिकामी ठेवली होती.

दर सोमवारची निळी लोहगोळी ही शाळेत मिळणारी गोष्ट. शाळेला कुलूप लागले तशी तीही थांबली. पुढे आशाताईंनी उपकेंद्रातून गोळ्या आणल्या आणि भाचीने कागदाच्या पुड्या बांधून घरोघर दिल्या, जेवल्यावर घ्या असे सांगत. कोणी म्हणेल, एका गोळीचे काय एवढे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५७.२ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ४९.७ होते. आणि आपल्या राज्यात ही पाहणी २०१९ च्या डिसेंबरातच संपली होती. म्हणजे साथ यायच्या आधीच निम्म्याहून जास्त मुलींचे रक्त कमी होते, त्यावर शाळा बंद आणि गोळी बंद. एवढे सारे घडूनही सभेत "काय अडलं" असे विचारले जाते, आणि उत्तर द्यायला त्या मुलींपैकी एकही सभेत नसते.

अडले ते आणखीही आहे. तेलंगणातून मिरची तोडणीचे मजूर चालत परतले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांना ठेवले, तेव्हा कोण आले, कोणाला ताप आहे, ही नावे लिहायला आशाताईंना हात हवे होते. ते हात या चौघांचे होते. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली तेव्हा पुन्हा तेच. या कामाचा कागद कोणाकडेही नाही. उलट ज्या घरांत भाचीला बसायला पाट मिळायचा, त्याच घरांनी तिला अंगणातून परत पाठवले, कारण ही पोरगी घरोघर फिरते, रोग आणेल. मुलांच्या गटातला एक पिअर एज्युकेटर बारावी सोडून मिरचीच्या कामाला गेला तो गेलाच, आणि त्याच्या गटातली मुले पानठेल्यामागे तंबाखूचा खर्रा घोटत बसू लागली. मोजक्या माणसांतले लग्न स्वस्त पडते म्हणून २०२१ च्या उन्हाळ्यात गटातल्या एका मुलीचे लग्न उरकले गेले; तिला अठरा पूर्ण व्हायला अवकाश होता. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि १०९८ हा क्रमांकही आहे, पण ते हलतात कोणी बोलले तर. बैठक चालू असती तर मैत्रिणींना सुपारी फुटण्याआधी कळले असते.

शाळा उघडल्यावर तरी घडी बसेल असे वाटले, तर २०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला आणि मुलींना तालुक्याला नेणारी मानव विकास योजनेची निळी बस पुढचा उन्हाळा येईपर्यंत उभी राहिली. या काळात पिअर एज्युकेटर एकोणिसाच्या घरात पोहोचले. हे काम हातातून हातात जाणारे आहे. थोरली धाकटीला सोबत नेते, धाकटी दोन वर्षे बघते, मग तिची पाळी येते. मध्ये दोन वर्षे कोणी तयारच झाले नाही की थोरली निघून जाताना वही कोणाला द्यायची हेच उरत नाही.

मी स्वीडनमध्ये राहते, तर इथले सांगते. इथे नववीपर्यंतच्या शाळा सरसकट बंद झाल्याच नाहीत. जिम्नासिएटची, म्हणजे नववीनंतरची, मुले तेवढी घरून शिकली. माझ्या मुलीची शाळेतली नर्स मंगळवारी आणि गुरुवारी आपल्या खोलीत असायची, साथ असताना तशीच. उंग्दोम्समोत्तागनिंगमधली, म्हणजे तरुणांच्या दवाखान्यातली, बार्नमोर्स्का (सुईण-नर्स) फोनवर वेळ देत होती, ब्रिस या मुलांच्या मदतवाहिनीचा ११६ १११ चालू होता. लैंगिक शिक्षण या देशात १९५५ पासून सक्तीचे आहे आणि त्यावर आता सभेत कोणी घसा ताणत नाही. मला ठाऊक आहे, लगेच उत्तर येईल की तुमच्याकडे शेजारच्या नॉर्वेपेक्षा कितीतरी जास्त माणसे मेली. हो, मेली, आणि त्यांत वृद्धाश्रमातली फार होती. त्याची चौकशी इथल्या आयोगाने केली आणि सरकारवर उघड ठपका ठेवला. पण मुलांचे दार उघडे ठेवायचे हे या देशाने ठरवले आणि ते पाळले. त्या दारामागची माणसे पगारी आहेत, म्हणून साथ ओसरल्यावर ती जागेवर सापडली. आमच्याकडे तेच काम पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींनी फुकट केले, आणि त्या मोठ्या झाल्या म्हणून कामच नव्हते असे आता सांगितले जाते.

राहिली मोबाईलची गोष्ट. टाळेबंदीत माझ्या भावाच्या घरात एक स्मार्टफोन होता. तो भावाच्या खिशात असे, संध्याकाळी भाच्याच्या अभ्यासाला मिळे आणि रात्री उशिरा कधी भाचीला. गटातल्या सतरा घरांत याहून बरी स्थिती नव्हती. बापाच्या फोनवर मुलगी काय शोधणार? आज फोन वाढले हे खरे, पण फोनवर माझ्यासारखी माणसेही होतीच. मी शिकलेली, परदेशात राहणारी, तिची सख्खी आत्या; तिला जे विचारायचे ते मला विचारता आले असते. मी तिला तसे सांगितलेही होते. त्या वहीतला एकही प्रश्न तिने मला कधी पाठवला नाही. ती आशाताईंच्या अंगणात गेली, तिच्या मैत्रिणी तिच्याकडे आल्या. वही वाचताना मला हे लागले, आणि अजून लागते. ज्या चिखलात उतरायचे की नाही असे त्या मुली विचारत होत्या त्या चिखलात मीही रोवणी केली आहे, पण आता त्यांच्या लेखी मी त्या बांधावरची नाही. इथे माझी लेक पंधराची झाल्यावर बार्नमोर्स्काशी काय बोलली हे मला सांगायला कोणी बांधील नाही. तो तिचा हक्क आहे आणि तो मला पटतो, तरी त्या प्रतीक्षालयात मी एकटीच बसलेली असते. दोन्हीकडे मुलींनी बोलायला माझ्याऐवजी जवळचे माणूस निवडले. म्हणून फोनवर पाहून घेतील हे मला कोणी सांगू नये.

आशाताईंबद्दल दोन शब्द. साथीच्या कामासाठी त्यांना महिन्याला हजार रुपये जास्तीचे मिळत होते. जून २०२१ मध्ये राज्यभरातल्या आशांना त्यासाठी संप करावा लागला तेव्हा कुठे त्यात भर पडली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला आणि गावच्या ग्रुपवर अभिनंदनाचे फलक फिरले. त्याच बाईने यंदा एक खोली मागितली.

ग्रामसभा मतदारांची असते आणि मतदार यादीत माझे नाव नाही; नागरिकत्व बदलले तेव्हा ते गेले. हात वर करण्याचा अधिकार नसलेली मी ज्यांना तो आहे त्यांना विनवते: १ मेच्या सभेत हा विषय पुन्हा घ्या. भाची आता गडचिरोलीला नर्सिंग शिकते आणि सुट्टीत येऊन नव्या चौघांसोबत बसायला तयार आहे. निवड करताना दोन मुलींपैकी एक तरी टोलीवरची, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतली, आणि शाळा सुटलेली घ्या, कारण शाळेत येणाऱ्या मुलींना सोमवारी गोळी पुन्हा मिळू लागली आहे, टोलीवरच्या मुलींकडे मात्र अजून कोणी जात नाही.