नव्या पेंटवर पॉलिश पेपर मारला म्हणजे गॅरेजवाल्याने फसवलं का?

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय, की पेंट केलेल्या गाडीवर गॅरेजवाला परत पॉलिश पेपर घासत असेल तर समजा काम बिघडलंय आणि तो लपवतोय. अहो असं काही नसतं. स्प्रेने मारलेला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, सुकताना बऱ्याचदा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो, त्यात धुळीचे कण पण बसतात, म्हणून तो पूर्ण कडक झाल्यावर पाणी मारत मारत आधी १५०० मग २००० आणि जमलं तर ३००० नंबरचा (नंबर जितका मोठा तितका बारीक) पेपर फिरवतात. तेव्हा बॉनेट एकदम पांढुरकं, मॅट दिसतं, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी फोटो काढतो बघा! पुढे कंपाउंड, म्हणजे घासायची बारीक पेस्ट, लावून मशीनने बफिंग केलं की चकाकी परत येते.

हां, पण मेसेजमधली भीती अगदीच खोटी नाही, कारण क्लिअर कोट साधारण ४०-६० मायक्रॉनचा, म्हणजे साध्या कागदापेक्षाही पातळ, त्यामुळे दाराच्या कडेला जास्त घासलं की खालचा रंग उघडा पडतो आणि मग पॉलिशने काही होत नाही, त्या पॅनलला परत पेंट मारावाच लागतो.