बदाम वेष्टनावर, टाल्क वडीत

साबण विकत घेणं हे मुळात वाचनाचं काम आहे, आणि तेही दुकानात उभ्या उभ्या, मागच्या माणसाच्या ट्रॉलीचे धक्के खात. वेष्टनाच्या दर्शनी भागावर बदाम, केशर, दुधाची धार आणि एक हसरी बाई असते. एवढा ऐवज खरोखर वडीत असता, तर मी ती अंगाला न लावता आटीव दुधात किसून घातली असती.

खरी माहिती मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरांत. तिथे आधी 'टॉयलेट सोप' आहे की 'बेदिंग बार' ते शोधायचं. टॉयलेट सोपच्या भारतीय मानकात, आयएस 2888 मध्ये, तीन प्रती, म्हणजे ग्रेड, आहेत. पहिल्या प्रतीत टीएफएम, म्हणजे एकूण मेदद्रव्य (साबणाचा खरा ऐवज), किमान 76 टक्के. दुसरीत 70, तिसरीत 60. बेदिंग बारचं मानक निराळं, आयएस 13498. तिथे 40 टक्क्यांवर भागतं. उरलेल्या जागेत पाणी, टाल्क नावाची दगडाची पूड, फेस आणणारी रसायनं वगैरे मंडळी दाटीवाटीने राहतात. टाल्कचं चित्र मात्र मी अजून एकाही वेष्टनावर पाहिलेलं नाही.

आता हिशोब. धरा, 40 रुपयांत 100 ग्रॅमची 76 टक्क्यांची वडी मिळतेय, आणि शेजारी तेवढ्याच पैशांत 125 ग्रॅमची, 50 टक्क्यांची, वर 'जास्तीचे 25 ग्रॅम मोफत' अशी पिवळी पट्टी. पहिलीत मेदद्रव्य 76 ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला 53 पैसे. दुसरीत साडेबासष्ट ग्रॅम, ग्रॅमला 64 पैसे. शिवाय कमी टीएफएमची वडी साबणदाणीत पाणी साचलं की लवकर गिलावा होते. मोफत मिळालेले 25 ग्रॅम बहुधा तिथेच बसतात.

'99.9 टक्के जंतू नष्ट' या आकड्याच्या डोक्यावर एक चांदणी असते. तिचा पाठलाग केला की चाचणी प्रयोगशाळेतली आणि जंतू ठरावीक असल्याचं कळतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, 2016 मध्ये ट्रायक्लोसानसह 19 जंतुनाशक द्रव्यं अशा साबणांतून हद्दपार केली. कंपन्यांना साध्या साबण-पाण्यापेक्षा ती सरस आहेत आणि रोज वापरायला सुरक्षित आहेत हे दाखवता आलं नव्हतं.

बरं, टीएफएमची पोथी घेऊन बसलेल्यांनाही एक सांगतो. बोअरच्या जड पाण्यात उंची साबणाचा धड फेसच होत नाही. पाण्यातलं कॅल्शियम त्याला धरतं आणि बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. तिथे फेसाची रसायनं घातलेला बेदिंग बार बाजी मारतो. आणि 76 टक्क्यांचा साबणही अल्कधर्मीच. त्याचा पीएच 9-10 च्या घरात. कोरड्या त्वचेला तोही ओढतो. म्हणजे पाणी कुठलं आणि कातडी कसली, हे आधी ठरवून मग वेष्टन वाचायचं.

हा सगळा अभ्यास होईपर्यंत बरोबरच्या माणसाने वडी वेष्टनासकट नाकाला लावून, डोळे मिटून, "हाच घेऊ" म्हणून ट्रॉलीत टाकलेली असते. मी तेवढ्यात वजनाची ओळ वाचून घेतो. आकड्याशेजारी 'व्हेन पॅक्ड', म्हणजे वेष्टनात भरतानाचं वजन, असं लिहिलेलं असतं, कारण वडीतलं पाणी हळूहळू उडतं. म्हणजे जाहिरातीतल्या बाईशिवाय आणखी कुणी बारीक होत असेल, तर ती ही वडी.