‘तारेनेच पाठवायचं तर टेलिपोर्टेशन कशाला?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कोपनहेगनमधल्या क्वांटम टेलिपोर्टेशनच्या (म्हणजे एकीकडची क्वांटम अवस्था दुसरीकडे उतरवण्याच्या) प्रयोगावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तिला दोन ओळींत उत्तर देणं मला बरोबर वाटलं नाही, म्हणून वेळ घेतला. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: प्रकाशाकडून अणूंकडे टेलिपोर्टेशन झालं म्हणता, पण गेलं काहीच नाही. शेवटी मोजमापाचा आकडा तारेनेच पाठवावा लागतो, मग पत्रात मजकूर लिहून धाडावा तसं सगळंच तारेने का नको? आणि ५८ टक्के म्हणजे नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरं, तेही अर्ध्या मीटरवर.

पहिल्या मुद्द्यात चूक माझी आहे. ‘प्रकाश इथे नाहीसा होऊन तिथे अणूंत प्रकटला’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. आज ते बदललं. सिझियमचे अणू त्या काचेच्या कुपीत आधीपासूनच होते. त्यांच्यापर्यंत पोचली ती प्रकाशाची अवस्था, वस्तू नव्हे.

तारेबद्दल मात्र मी ठाम आहे. कोपनहेगनच्या यूजीन पोल्झिक यांच्या गटाने २००६ मध्ये काय केलं ते क्रमाने पाहा. आधी लेसरचा एक जोरदार स्पंद कुपीतून पाठवला. बाहेर पडताना तो आतल्या सुमारे एक लाख कोटी अणूंच्या स्पिनशी (अणूच्या चुंबकसूईसारख्या, दिशा असलेल्या गुणधर्माशी) गुंतलेला होता, म्हणजे दोघांच्या मोजमापांचे निकाल एकमेकांशी जोडलेले होते. अर्ध्या मीटरवर एका अर्धपारदर्शक आरशावर त्याची गाठ पडली दुसऱ्या, अगदी मंद स्पंदाशी. पाठवायची होती ती या मंद स्पंदाची अवस्था. दोघांचं मोजमाप एकत्र झालं, आणि जो आकडा आला तेवढी रेडिओ लहरींची चुंबकीय ढकल अणूंना दिली. तार सांगते ते एवढंच: स्पिन किती वळवायचे. गुंतलेपण परिपूर्ण असेल तर हा आकडा निव्वळ यादृच्छिक असतो. तो मधल्यामध्ये कुणी वाचला तरी मूळ अवस्थेचा पत्ता लागत नाही. बाकीचं काम आधीच्या गुंतलेपणाने केलेलं असतं.

तुम्ही पत्राचं उदाहरण दिलंत. पण पत्रात लिहायचं तर मजकूर आधी वाचता यायला हवा. प्रकाशाची अवस्था ज्यांवरून ठरते ते लहरीचे दोन घटक एकाच वेळी अचूक मोजता येत नाहीत, आणि अनोळखी क्वांटम अवस्थेची नक्कलही काढता येत नाही. हे १९८२ मध्ये सिद्ध झालं आहे.

५८चा अर्थही यातच आहे. ही यशाची टक्केवारी नव्हे. अवस्था दर वेळी पोचलीच. अणूंत उतरलेली अवस्था मूळ अवस्थेशी किती जुळते, त्याचं हे माप आहे. तुमच्या पत्राच्या मार्गाने गेलो तर दोन्ही घटक एकदम मोजताना नॉइजची (मोजमापातल्या अटळ गोंधळाची) एक मात्रा वाढते, आणि त्या आकड्यांवरून अवस्था नव्याने घडवताना आणखी एक. कितीही उत्तम उपकरणं आणा, या दोन मात्रांमुळे अशा प्रकाशासाठी जुळणी ५०च्या आसपास अडकते. सरासरी २० फोटॉनच्या (प्रकाशकणांच्या) स्पंदांसाठी ही मर्यादा ५१ पडते, आणि प्रयोगात मिळाले ५८, दोन टक्के इकडेतिकडे. गुंतलेपण नसतं तर हे सात टक्के मिळालेच नसते.

आणि हे सगळं खोलीच्या तापमानाला! अणू कुपीच्या भिंतींवर सतत आपटत असतात. साध्या काचेवर आपटले तर स्पिनची दिशा विसरतात. म्हणून आतून पॅराफिनचा, म्हणजे मेणाचा, पातळ थर दिलेला असतो. त्या मेणामुळे अवस्था काही मिलिसेकंद टिकते. फायबरमध्ये, म्हणजे संदेश नेणाऱ्या काचेच्या तंतूत, प्रकाश एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर जातो, हे लक्षात घेतलं तर ही सवड किती मोलाची आहे ते कळेल.

अर्ध्या मीटरचा मुद्दाही इथेच येतो. उत्तम फायबरमधून १०० किलोमीटरवर शंभरातला एक फोटॉन पोचतो. ५०० किलोमीटरवर हजार कोटींत एक. टेलिफोनच्या लाइनसारखे ॲम्प्लिफायर लावून चालत नाही, कारण तिथे पुन्हा नकलेचीच अडचण. म्हणून वाटेत ठाणी हवीत, जिथे प्रकाशातली अवस्था अणूंत उतरवून थांबवता येईल. अणू हवेत ते यासाठी. पोल्झिक यांच्या प्रयोगातली एक उणीव तुम्ही काढली नाहीत, ती मीच सांगतो: सिझियमचा प्रकाश ८५२ नॅनोमीटरचा, आणि फायबर सर्वांत कमी खातं ते १५५० च्या आसपास. रंग बदलून घ्यावा लागतो, आणि त्यात फोटॉन वाया जातात.

२०२२ मध्ये नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या गटाने हिऱ्यातल्या स्पिनांची तीन केंद्रं जोडली आणि थेट जोडलेली नव्हती अशा दोन टोकांमध्ये टेलिपोर्टेशन केलं. मधल्या केंद्राने दोन्हींकडचं गुंतलेपण सांधून दिलं. पुढचा लेख त्यावर लिहितोय. त्यातही मोजमापाचा निकाल साध्या मार्गानेच पाठवावा लागतो, त्यामुळे सुरुवात तुमच्या तारेच्या शंकेपासूनच करीन.